धारवाडचं बोर्स्टल आणि हुबळीची सेटलमेंट

१९३०च्या सुमारास धारवाड जिल्ह्यात सरकारच्या ताब्यात दोन प्रकारची पोरं होती. धारवाडच्या बोर्स्टल शाळेत होती ती चोरी, घरफोडी, मारामारी असे गुन्हे कोर्टात शाबीत होऊन शिक्षा झालेली. तिथून वीसेक किलोमीटरवर हुबळीला सेटलमेंटच्या तारेआड होती त्यांतल्या बहुतेकांनी कोर्टाची पायरीही पाहिलेली नव्हती. ती कैकाड्याच्या, घंटीचोराच्या, हरणशिकाऱ्याच्या घरात जन्मली होती, एवढाच त्यांचा गुन्हा. बोर्स्टलमधल्या पोराला सुटकेची तारीख होती. सेटलमेंटमधल्या पोराला ती नव्हती.

दोन्ही संस्था मुंबई सरकारच्याच. दोन्हींच्या कागदपत्रांत ‘सुधारणा’ हाच शब्द आणि दोन्ही चालवणारे आपापल्या परीने प्रामाणिक. आमच्या मळमड्डी भागाला लागून धारवाडचं रेल्वे स्टेशन आहे. सदर्न मराठा रेल्वेची ही लाइन १८८०च्या दशकात पडली आणि हुबळीला रेल्वेचा वर्कशॉप उभा राहिला. या लाइनीच्या एका टोकाला तरुण कैद्याला माणसात आणण्याचा प्रयोग चालला होता आणि दुसऱ्या टोकाला न केलेल्या गुन्ह्याची हजेरी घेतली जात होती. मळमड्डीतल्या रेल्वेच्या नोकरीतल्या, शिक्षकी पेशातल्या, वकिली करणाऱ्या मराठी-कानडी घरांना ही दोन्ही नावं ठाऊक होती. पण ती एकमेकांशेजारी ठेवून पाहायचं कुणाला सुचलं असेल असं वाटत नाही. मला तरी घरातल्या कुणाच्या तोंडून तसं ऐकल्याचं आठवत नाही.

बोर्स्टलची गोष्ट अमेरिकेत सुरू होते. न्यूयॉर्क राज्यात एल्मायरा इथे १८७६ साली एक सुधारगृह उघडलं. त्याचा प्रमुख झेब्युलन ब्रॉकवे. न्यायाधीशाने वर्षं मोजून शिक्षा द्यायची आणि कैद्याने ती भिंतीकडे बघत काढायची, ही पद्धत त्याला मान्य नव्हती. तरुण कैद्याला शाळा, धंदेशिक्षण आणि कवायत द्यायची, वागणुकीचे गुण मांडायचे, गुणांप्रमाणे वरच्या वर्गात चढवायचं किंवा खाली उतरवायचं आणि पात्र ठरला की पॅरोलवर सोडायचं, अशी त्याची योजना. जगभर तिचं कौतुक झालं. त्याच ब्रॉकवेवर कैद्यांना झोडपून काढल्याचे आरोप झाले आणि १८९३-९४ साली सरकारी चौकशीही झाली, हे मात्र कौतुकाबरोबर फारसं प्रवासाला निघालं नाही. इंग्लंडच्या तुरुंगखात्याचे प्रमुख एव्हलिन रगल्स-ब्राइज १८९७ साली अमेरिकेतली ही सुधारगृहं पाहून आले आणि परतल्यावर त्यांनी केंट परगण्यातल्या बोर्स्टल गावच्या तुरुंगात तरुण गुन्हेगारांसाठी प्रयोग सुरू केला. त्या गावाचं नाव मग संस्थेलाच चिकटलं.

पुढे १९१९-२० मध्ये हिंदुस्थान सरकारने तुरुंगांच्या चौकशीसाठी सर अलेक्झांडर कार्ड्यू यांच्या अध्यक्षतेखाली कमिटी नेमली. ही मंडळी खरोखरच जग हिंडली. इंग्लंड, अमेरिका, जपान, फिलिपिन्स पाहून मग ब्रह्मदेश, अंदमान आणि इथले तुरुंग. तुरुंगाचा हेतू नुसती जरब बसवणं नसून माणूस सुधारणं हा आहे, असं या देशातल्या सरकारी कागदात ठामपणे आलं ते या अहवालात. पोरवयाच्या कैद्यांसाठी वेगळे तुरुंग त्या वेळी मोजकेच होते. तंजावर, अलीपूर, बरेली, ब्रह्मदेशातलं मेक्टिला आणि मुंबई इलाख्यात धारवाड. मुंबईने १९२४ मध्ये मुलांचा कायदा केला आणि १९२९ मध्ये बोर्स्टल शाळांचा. सोळा ते एकवीस वयाच्या आरोपीला शिक्षा झाली तर त्याला सराईत कैद्यांत न टाकता बोर्स्टलला पाठवायचं, फार तर पाच वर्षं ठेवायचं, सुतारकाम, शिवणकाम, विणकाम शिकवायचं आणि वागणूक बरी दिसली तर मुदतीआधी परवान्यावर सोडायचं. एल्मायराची कल्पना केंटमार्गे धारवाडला पोचायला पन्नासेक वर्षं लागली.

या सगळ्याच्या मुळाशी एक गृहीत होतं. विशीतल्या पोराने काही केलं म्हणजे तो आयुष्यभराचा चोर झाला असं नाही. संगत, गरिबी, वय यांचा त्यात हात असतो, आणि हात दिला तर तो वर येतो.

हुबळीला हेच गृहीत उलटं टांगलेलं होतं.

गुन्हेगार जमातींचा पहिला कायदा १८७१चा. जेम्स फिट्झजेम्स स्टीफन तेव्हा व्हाइसरॉयच्या कौन्सिलात कायदामंत्री होते. या कायद्यामागचा युक्तिवाद असा की हिंदुस्थानात सुताराचा मुलगा सुतार आणि लोहाराचा लोहार होतो, तेव्हा चोराचा मुलगाही चोरच होणार. जातिव्यवस्थेला एरवी नाकं मुरडणाऱ्या राज्यकर्त्यांना ती इथे मात्र आयती कामाला आली. कायदा आधी उत्तर हिंदुस्थानात लागू झाला, १८७६ मध्ये बंगालमध्ये आणि १९११च्या नव्या कायद्याने मुंबई-मद्राससकट सगळीकडे. १९२४ मध्ये तो पुन्हा एकत्र बांधला गेला. एखादी जमात गुन्हेगार आहे असं सरकारने एकदा जाहीर केलं की त्या जाहीरनाम्याला कुठल्याही कोर्टात आव्हान देता येत नव्हतं. कलमातच तसं लिहून ठेवलं होतं.

नाव नोंदलं गेलं की बोटांचे ठसे द्यायचे. ठरल्या वेळी पोलीस पाटलाकडे किंवा चौकीवर हजेरी लावायची. मुक्काम हलवायचा तर आधी कळवायचं आणि दाखला घ्यायचा. दाखल्याशिवाय हद्दीबाहेर सापडलं की तोच गुन्हा. कलम २३ वाचताना आजही अंगावर काटा येतो. अशा जमातीच्या माणसाला ठरावीक गुन्ह्यांत दुसऱ्यांदा शिक्षा झाली तर कमीत कमी सात वर्षं, आणि तिसऱ्यांदा झाली तर जन्मठेप, काळं पाणी. न्यायाधीशाला दया दाखवायची असेल तर त्याने तशी खास कारणं लेखी नोंदवायची. कॅलिफोर्नियाने १९९४ मध्ये ‘तिसऱ्या गुन्ह्याला जन्मठेप’ हा कायदा केला तेव्हा जगभर खळबळ उडाली, कारण पिझ्झाचा तुकडा पळवणाराही त्यात अडकला. शेवटी २०१२ मध्ये तिथल्या मतदारांनीच कौल देऊन तो सौम्य केला. आपल्याकडे हे गणित सत्तर वर्षं आधी मांडून झालं होतं, आणि तेही फक्त विशिष्ट जातींत जन्मलेल्यांसाठी. अमेरिकेत काळ्यांचं प्रमाण तुरुंगात एवढं का, हा प्रश्न विचारावा लागतो, कारण कायद्यात रंग लिहिलेला नसतो. इथे कायद्यात जात लिहिलेलीच होती.

मुंबई इलाख्यात हे खातं ज्याने घडवलं तो ओ. एच. बी. स्टार्ट हा सनदी अधिकारी. विजापूरकडे काम करताना त्याच्या लक्षात आलं की गावोगाव हजेरी लावून भागत नाही, कारण हजेरी देणाऱ्याला पोट भरायला कामच कुणी देत नाही. मग त्याने वसाहती काढल्या. विजापूर, गदग, हुबळी, सोलापूर, पुढे बारामती, अंबरनाथ. जागा निवडताना हिशेब साधा होता. जिथे गिरणी, वर्कशॉप, कालव्याचं काम किंवा कारखाना आहे तिथे सेटलमेंट. हुबळीला रेल्वे वर्कशॉप होता आणि कापडाची गिरणी होती. गिरणीमालकांना माणसं हवी होती, आणि ही माणसं गाव सोडून जाऊ शकत नव्हती. देखरेखीचं काम सरकारने बरंचसं मिशनऱ्यांकडे दिलं. हुबळीची सेटलमेंट इंग्लंडच्या एस.पी.जी. मिशनकडे, सोलापूरची अमेरिकन मराठी मिशनकडे. अमेरिकन मिशन म्हणजे बोस्टनहून १८१३ साली मुंबईला आलेली मंडळी. त्यांच्या स्वतःच्या देशात यादवी युद्धानंतर गुलामगिरी रद्द झाली, पण ‘गुन्ह्याची शिक्षा म्हणून असेल तर चालेल’ अशी पळवाट घटनेच्या तेराव्या दुरुस्तीतच राहिली. दक्षिणेतल्या राज्यांनी मग काळ्यांना फुटकळ कारणांवरून पकडून शेतमळ्यांना आणि खाणींना भाड्याने दिलं. सोलापूरच्या मिशनऱ्यांना आपल्या घरच्या या गोष्टीची आठवण होत होती की नाही, कोण जाणे.

तुलना ताणू नये. सेटलमेंटच्या माणसाला मजुरी मिळत होती आणि ती त्याच्या हातात पडत होती. साखळदंड नव्हते. बायकापोरं बरोबर होती. पण दिवस असा जायचा: पहाटे हजेरी, मग भोंग्याआधी गिरणीच्या दिशेने रांगेने चालणं, संध्याकाळी परत आल्यावर हजेरी, रात्री पुन्हा. ज्यांच्यावर विश्वास नाही त्यांना मध्यरात्रीही उठवून मोजायचं. बाजाराला जायचं तर पास. पाव्हण्याच्या लग्नाला जायचं तर पास, आणि तो वेळेवर परत आणून दिला नाही तर शिक्षा. आजारी पडून कामाला गेलं नाही तरी मॅनेजरला कळवायचं. तारेच्या आत शाळा होती आणि पोरांनी शाळेत जाणं सक्तीचं होतं. त्या काळी हुबळी शहरात सक्तीचं शिक्षण हे अपवादानेच दिसायचं, हेही लक्षात घ्यायला हवं. सहकारी पतपेढी होती, पंचायत होती, वर्षानुवर्षं चांगल्या वागणुकीने राहणाऱ्या कुटुंबाला तारेबाहेरच्या ‘फ्री कॉलनी’त घर मिळायचं आणि तिथून पुढे परवान्यावर सुटका. तारेआड, तारेबाहेर, परवाना. एल्मायराच्या वर्गांसारख्याच या पायऱ्या, फक्त पहिल्या पायरीवर उभं राहण्यासाठी इथे गुन्हा करावा लागत नव्हता.

आणि मुलं. १९२४च्या कायद्याने सहा ते अठरा वयाच्या पोरांना आईबापांपासून तोडून वेगळ्या औद्योगिक किंवा सुधारशाळेत ठेवायचा अधिकार सरकारला दिला होता. आईबापांचा ‘संस्कार’ लागू नये म्हणून. स्टार्टच्या खात्याने हे अनेकदा केलं, आणि चांगल्या हेतूने केलं असं त्याचे अहवाल सांगतात. मला स्टार्टबद्दल राग येत नाही, आणि हीच अडचण आहे. तो क्रूर असता तर सोपं झालं असतं. तो ह्या लोकांत वावरला, त्यांच्या मजुरीसाठी मालकांशी भांडला, त्यांना कर्जबाजारी करणाऱ्या सावकारांच्या आड आला, आणि हे सगळं करताना तारेचं कुंपण उपटून काढावं असं त्याला कधी वाटलं नाही. कार्ड्यू कमिटीचंही तसंच. ज्या अहवालात पोरवयाच्या कैद्याला माणूस म्हणून पाहा असं निक्षून सांगितलं, त्यातच गुन्हेगार जमातींवर प्रकरण आहे आणि त्यात सेटलमेंटची पद्धत बंद करा असं म्हटलेलं नाही. ती नीट चालवा असं म्हटलं आहे.

त्याच स्टार्टच्या अध्यक्षतेखाली मुंबई सरकारने १९२८ मध्ये अस्पृश्य आणि आदिवासींच्या स्थितीची चौकशी करणारी कमिटी नेमली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर, डॉ. पु. गो. सोळंकी आणि ठक्कर बाप्पा तिचे सभासद होते. मार्च १९३०च्या तिच्या अहवालाने मागासवर्गांची अस्पृश्य, आदिवासी आणि इतर मागास अशी वाटणी सुचवली. त्यातून मागासवर्ग खातं निघालं आणि स्टार्टच त्याचा पहिला अधिकारी झाला. आजचं समाजकल्याण खातं शोधत मागे गेलं तर वाट गुन्हेगार जमातींच्या दप्तरातून जाते. बाबासाहेबांच्या डिप्रेस्ड क्लासेस एज्युकेशन सोसायटीने १९२८ मध्ये पाच वसतिगृहं हाती घेतली, त्यांतलं एक धारवाडला होतं. म्हणजे त्या एका दशकात या छोट्याशा गावात आणि शेजारच्या हुबळीत तीन संस्था उभ्या होत्या: दलित मुलांना शिकवणारं वसतिगृह, शिक्षा झालेल्या मुलांना सुधारणारं बोर्स्टल आणि शिक्षा न झालेल्यांना कोंडणारी सेटलमेंट.

कायद्याविरुद्ध आवाज उठत नव्हता असं नाही. १९३६ मध्ये नेल्लोरला जवाहरलाल नेहरूंनी हा कायदा नागरी स्वातंत्र्याचा नकार आहे अशा अर्थाचं स्पष्ट विधान केलं. १९३७ मध्ये बाळासाहेब खेरांचं मंत्रिमंडळ आलं आणि गृहमंत्री क. मा. मुन्शी यांनी स्वतःच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. १९३९ मध्ये तिचा अहवाल आला आणि त्याच वर्षी मंत्रिमंडळ गेलं. महायुद्धाने पुढची वर्षं खाल्ली.

याच १९३९ मध्ये सांगलीच्या बाजूला आटपाडीजवळ दुसरंच काही चाललं होतं. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी आणि मूळचा पोलंडचा इंजिनियर मॉरिस फ्रीडमन यांनी खुनाच्या गुन्ह्यात शिक्षा झालेल्या कैद्यांना माळरानावर नेऊन वसवलं. भिंत नाही, तार नाही. स्वतंत्रपूर. व्ही. शांताराम यांना ‘दो आँखें बारह हाथ’ सुचला तो इथूनच, आणि १९५७चा तो चित्रपट पाहून मराठी घरांतले लोक डोळे पुसत बाहेर पडले. खुनी माणसावर विश्वास टाकायची ही हिंमत खरोखरच मोठी होती. पण स्वतंत्रपूरचे खुनी तारेशिवाय शेती करत असताना हुबळीला कैकाड्याच्या म्हातारीला बाजाराचा पास लागत होता, हे त्या चित्रपटगृहात कुणाला आठवायचं कारण नव्हतं.

मुंबई इलाख्याने १९४९ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा मोडीत काढला. केंद्राने अनंतशयनम अय्यंगार समितीच्या शिफारशीवरून तो ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द केला. भटके-विमुक्त हा दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतात. हुबळीच्या तारा गेल्या, वस्ती राहिली. गंगाधर नगराकडच्या त्या भागाला आजही ‘सेटलमेंट’च म्हणतात, रिक्षावाल्याला दुसरा पत्ता सांगावा लागत नाही. सोलापुरातही तेच. आणि पोलिसांच्या मनातली यादी कायद्याबरोबर रद्द झाली नाही. मुंबईने १९४७ मध्येच सराईत गुन्हेगारांवर निर्बंध घालणारा कायदा केला होता, १९५९ मध्ये त्याची नवी आवृत्ती आली आणि म्हैसूर राज्याने १९६१ मध्ये आपला केला. कागदावर त्यात जात नाही. कुणाला ‘सराईत’ ठरवायचं हे ठरवताना मात्र जुनी दप्तरं कामी येत राहिली.

१ नोव्हेंबर १९५६ला धारवाड मुंबई राज्यातून म्हैसूरमध्ये गेलं. मुंबई राज्याला आपलं बोर्स्टल दुसरीकडे बसवावं लागलं. विमुक्तांच्या बाबतीत नव्या सीमेने आणखी एक गंमत केली, गंमत कसली म्हणा. कोल्हापुरातला बेरड महाराष्ट्रात विमुक्त जातीत मोडतो. बेळगाव-धारवाडकडचा त्याचाच भाऊबंद, बेडर नायक, कर्नाटकात अनुसूचित जमातीत आहे. कैकाडी विदर्भात अनुसूचित जाती आणि पश्चिम महाराष्ट्रात विमुक्त. बेळगावजवळच्या यमुनापूरचे भीमराव गस्ती यांनी ‘बेरड’ लिहिलं ते हे सारं अंगावर झेलून. गावात कुठेही चोरी झाली की बेरडांच्या वस्तीवर धाड, हा स्वातंत्र्यानंतरचा अनुभव त्यांनी मांडला. लक्ष्मण मान्यांचं ‘उपरा’ आणि लक्ष्मण गायकवाडांचं ‘उचल्या’ यांना साहित्य अकादमीचे पुरस्कार मिळाले. मराठी साहित्याने ह्या माणसांना दाद दिली. पोलीस ठाण्याने दिली नाही.

१९९८च्या फेब्रुवारीत पश्चिम बंगालमधल्या पुरुलियात बुधन सबर हा तरुण पोलीस कोठडीत मेला. त्याच वर्षी जूनमध्ये बारामतीच्या पिन्या हरी काळे या पारध्याचाही पोलिसांच्या मारहाणीनंतर मृत्यू झाला. महाश्वेता देवी, लक्ष्मण गायकवाड आणि मूळचे भोरचे गणेश देवी यांनी मिळून विमुक्तांच्या हक्कांसाठी कृतिगट उभा केला, आणि अहमदाबादच्या छारानगरातल्या पोरांनी बुधनच्या नावाने नाटक मंडळी काढली. छारानगर हीही जुनी सेटलमेंटच. हेच गणेश देवी २०१५ मध्ये डॉ. एम. एम. कलबुर्गींचा धारवाडात खून झाल्यावर बडोदं सोडून धारवाडला राहायला आले. या गावाच्या इतिहासातला हा धागा बाहेरून आलेल्या माणसाने नव्हे तर गावातल्यांनीच आधी उचलायला हवा होता.

विमुक्तांसाठी दोन राष्ट्रीय आयोग झाले आणि दोन्हींचे अध्यक्ष मराठी. बाळकृष्ण रेणके यांचा अहवाल २००८चा, भिकू इदाते यांचा २०१८चा. सराईत गुन्हेगारांचे कायदे रद्द करा, ही मागणी राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २००० साली आणि वंशभेदाविरुद्धच्या संयुक्त राष्ट्रांच्या समितीने २००७ मध्ये करून ठेवलेली होतीच. राज्यं हलली नाहीत. शेवटी सुकन्या शांता या मुंबईच्या पत्रकार महिलेने तुरुंगांतल्या जातिभेदावर लिहिलं आणि मग स्वतःच सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. कोणत्या जातीच्या कैद्याने स्वयंपाक करायचा, कुणी संडास साफ करायचा हे राज्याराज्यांच्या तुरुंग नियमावल्यांत छापलेलं होतं, आणि काही नियमावल्यांत जुन्या गुन्हेगार जमातींतल्या माणसाला जन्मतःच सराईत समजायची सोयही शिल्लक होती. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठाने ते नियम घटनाबाह्य ठरवले, तीन महिन्यांत नियमावल्या बदला असं सगळ्या राज्यांना सांगितलं, आणि कच्च्या व शिक्षा झालेल्या कैद्यांच्या नोंदवहीतला जातीचा रकाना काढून टाकायचा हुकूम दिला. कर्नाटकाचा १९६१चा सराईत गुन्हेगारांचा कायदा त्या निकालाने रद्द झालेला नाही.